काचेच्या आतली वाफ

१

घरी घड्याळ जुळवायचं म्हणजे निम्मं काम धुळीशी भांडण्याचं. सुट्टीच्या दिवशी सकाळचा चहा झाला की मी खिडकी लावायचो, पंखा बंद करायचो, टेबल ओल्या फडक्याने पुसायचो आणि शर्ट काढून बनियनवर बसायचो, कारण बाह्यांची सुतं गळतात. बोटांना रबरी टोप्या, डोळ्याला भिंग. बायको दारात उभी राहून हे सगळं बघायची आणि म्हणायची, लग्नाच्या दिवशीसुद्धा तुम्ही इतकी तयारी केली नव्हती.

मी बनवत होतो ते घड्याळ मूळचं समुद्रात बुडी मारणाऱ्यांसाठीचं. काळी तबकडी, पांढरे गोल ठिपके, भोवती फिरती कड. कॉलेजात असताना एका मासिकात त्याचा फोटो पाहिला आणि तेव्हापासून ते डोक्यात बसलं ते बसलंच. विकत घेणं या जन्मी शक्य नव्हतं, म्हणून तसंच घरी करायचं ठरवलं. केस, म्हणजे घड्याळाची काचेसकट बाहेरची डबी, एका ठिकाणाहून मागवली, काटे दुसरीकडून, आतलं मशीन तिसरीकडून. तबकडीवर मूळ कंपनीचं नाव मात्र घातलं नाही. खोटं नाव लावून मिरवणाऱ्यांचा मला मनस्वी तिटकारा आहे. बायको त्या घड्याळाला 'माझी सवत' म्हणायची आणि शेजाऱ्यांनाही तसंच सांगायची.

त्या सकाळी सगळं जमून आलं होतं. काटे एकमेकांना न घासता फिरत होते. आता मशीन केसमध्ये सोडायचं, मागचं झाकण फिरवून आवळायचं, की संपलं. आणि तेवढ्यात काचेच्या आतल्या बाजूला एक कण दिसला. रबरी फुग्याने हवा मारली, तर तो उडाला आणि परत येऊन बसला. चिकट गोळ्याने टिपायला गेलो, तर सरकला. अर्धी सकाळ त्या एका कणापायी गेली. माझं डोकं फिरायची वेळ आली तेव्हा बायको आत आली, बघू म्हणाली, आणि मी नको म्हणायच्या आत तिने केस उचलून काचेवर हलकीशी फुंकर घातली.

कण गेला.

आता या छंदात तोंडाने फुंकर घालणं म्हणजे घोर पाप. श्वासात ओल असते, ती आत कोंडली की काटे गंजतात. ती केस दिवसभर झाकून सुकू द्यायला हवी होती. पण इतकी निर्मळ काच मला कधी मिळाली नव्हती, आणि सुकत ठेवली की दुसरा कण येणार हे ठरलेलं. हौशी माणूस ओलीपेक्षा कणाला जास्त भितो. मी घाईघाईने मशीन आत सोडलं आणि झाकण जीव खाऊन आवळलं.

बायको खुर्चीवर टेकली होती. जरा दमल्यासारखं वाटतंय म्हणाली. पंखा बंद होता ना, त्यानेच असेल, असं म्हणून मी पंखा लावला.

२

मी दाब मोजायचे मीटर बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस आहे. हवा कुठून गळते ते शोधून काढणं, हीच माझी नोकरी. माझ्या पाठीमागे लोक मला 'गळती' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी घड्याळ चाचणीच्या टाकीत बुडवलं आणि पाण्याचा दाब वाढवत नेला. एक बुडबुडा निघाला नाही. शेजारच्या टेबलावरचा जोडीदार म्हणाला, हे तर असलीच्या तोंडात मारेल. मी दिवसभर बाही वर करून हिंडलो.

घरी येताना बसमध्ये काचेवर वाफ दिसली. नऊच्या ठिपक्याजवळ नखाएवढा धुरकट डाग. अंगठ्याने पुसला, जाईना. डाग आतून होता. बघता बघता आपोआप विरला, आणि थोड्या वेळाने पुन्हा आला.

मी मनातल्या मनात स्वतःला चार शिव्या घातल्या. फुंकरीतली ओल, दुसरं काय असणार? मनगट उबदार, बसच्या खिडकीतला वारा गार, काचेवर वाफ धरणारच. पुढच्या सुट्टीला उघडून सुकवू असं ठरवलं आणि बाही खाली ओढली.

घरी पोचलो तर बायको जिन्यात, मधल्याच पायरीवर, पिशवी शेजारी ठेवून बसलेली. आमचं घर वरच्या मजल्यावर. एरवी हीच मला मागून ढकलत वर न्यायची. तुमच्या बायकोचं वय झालं, असं ती हसत म्हणाली, पण एवढंसं वाक्य पुरं करायला तिला मध्ये थांबून श्वास घ्यावा लागला. मी पिशवी उचलली आणि तिच्या मागून हळूहळू वर गेलो.

३

सुट्टीच्या दिवशी दुपारी ती आतल्या खोलीत पलंगावर पडली होती. दार उघडं. मी बाहेर टेबलाशी बसून झाकणाला पाना लावणार, एवढ्यात काचेवर डाग आला. गेला. आला. घरात दोनच आवाज होते, घड्याळाची टिकटिक आणि तिचा श्वास. ती श्वास सोडायची तेव्हा डाग यायचा. ती श्वास घ्यायची तेव्हा विरायचा.

मी काही खुळा नाही. शेजारशेजारचे दोन नळ गळत असले तरी मधूनच ते तालात गळतायत असं वाटतं. मी उठून दार लावलं, डागाकडे बघत बोटाने टेबलावर ठेका धरला, आणि ठेका न सोडता दार पुन्हा उघडलं. तिचा श्वास ठेक्याला धरून चालला होता.

तरी मी ऐकेना. घड्याळ घेऊन खाली उतरलो, रस्ता ओलांडून थेट औषधांच्या दुकानापर्यंत गेलो आणि तिथून तिला फोन केला. म्हटलं, डॉक्टरांना सांगायला बरं पडेल, दम किती वेळ धरता येतो बघ. ती म्हणाली, सुट्टीच्या दिवशी हे काय नवीन, पण तिने धरला. फोनमध्ये शांतता झाली. माझ्या मनगटावरचा डाग होता तिथे थांबला. वाढेना, विरेना. बाजूने गाड्या चालल्या होत्या, कुणीतरी माझ्या अंगावरून जाताना बडबडलं, आणि मी रस्त्याच्या कडेला मनगट डोळ्यांशी धरून उभा.

मग त्या थांबलेल्या डागाच्या बाजूला दुसरा एक डाग आला. लहानसा. आला आणि गेला.

फोनवर बायकोने हुश्श करून श्वास सोडला, आणि पहिला डाग पुन्हा सुरू झाला. दुसरा परत दिसला नाही. बास का, तिने विचारलं. मी बास म्हटलं. औषधवाल्याने मला बसायला स्टूल दिलं.

४

डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं, रक्त तपासलं. छाती स्वच्छ, हृदय ठणठणीत. तरी बोटाला लावायच्या चिमट्यावरचा प्राणवायूचा आकडा दर खेपेला आधीपेक्षा खाली. बाई चिमटा काढायच्या, दुसरा लावायच्या, तोही तेच सांगायचा. घड्याळाचं मी त्यांना सांगितलं नाही. काय सांगणार होतो, कपाळ?

बायकोची थोरली बहीण मदतीला येऊन राहिली. ताई मूळच्या बोलघेवड्या, पण त्यांनीही आवाज खाली आणला. बायकोची वाक्यं आखूड होत चालली होती. आधी थट्टा गेली, कारण थट्टेला दम लागतो. मग 'अहो' गेलं. नुसतं बोट हलवून मला बोलवायची. तेवढं बोट हललेलं दिसलं की मी हातातलं टाकून जायचो.

कारखान्यात मी एकदा घड्याळ उंचवटा मोजायच्या बारीक सुईच्या मीटरखाली धरलं. काच मी सपाट मागवली होती, याची मला खात्री होती. आता ती मधोमध वर आली होती, डोळ्यांना कळणार नाही इतकी. दुसऱ्या दिवशी सुई आणखी पुढे गेली. तिसऱ्या दिवशी मीटर बदलून बघितला आणि त्या डॉक्टरीणबाई आठवल्या.

आत हवा भरत होती. जिच्यात दाबाखालचं पाणी शिरलं नाही त्या केसमध्ये, थोडी थोडी करून, बायकोची हवा चालली होती आणि परत येत नव्हती. हे वाक्य मी पहिल्यांदाच स्वतःशी सरळ म्हटलं. उद्या ही काच फुटली तर? या शेडमध्ये, एवढ्या यंत्रांच्या धुरात, मी तिचा श्वास कुठे म्हणून गोळा करू?

घरी येऊन झाकणाला पाना लावला आणि अगदी जरासा पीळ दिला. काच 'कट्' वाजली. आतून ताई धावत आल्या, तिचे ओठ निळे पडलेत म्हणाल्या. मी पाना टाकून दिला. त्यानंतर झाकणाला हात लावायची माझी छाती झाली नाही.

५

शेवटी बायकोला सगळं सांगितलं. तिच्यापासून लपवून करणार तरी काय, श्वास तिचा होता. पलंगाच्या कडेला बसून मी सांगत होतो आणि ती डोळे मिटून ऐकत होती. वाटलं, हसेल. निदान हसावं असं फार वाटत होतं.

"झोपले की," ती म्हणाली, आणि थांबली. "कुणीतरी... सरकवतं मला. जागा... करून घेतं."

मी तिचा हात धरला. तो हात धरून मी ढसाढसा रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

झाकण उघडायचं नाही, हे तर ठरलंच होतं. राहिली बाजूची चावी. या घड्याळाची चावी आट्यांवर बसते. आटे सोडून ती जराशी बाहेर ओढली, तर तिच्या बारीक रबरी रिंगेच्या कडेने हवा वाट काढू शकते. हवा जिकडे सुटेल तिकडे तोंड हवं, एवढंच. आयुष्यभर गळत्या बंद केल्या आणि आता मी एक गळती मुद्दाम करणार होतो.

भर दुपारी खिडकी लावली, पंखा बंद केला. ताईंना वाटलं माझं डोकं ठिकाणावर नाही, पण त्यांचाही धीर सुटला होता, त्यांनी तिला मागून आधार दिला. चावी तिने ओठांत धरली. मी आटे सोडले आणि नखाने चावी ओढली.

बारीक सुस्काऱ्यासारखा आवाज सुरू झाला. तिची छाती वर आली. आवाज चालूच. एवढ्याशा केसमध्ये मावणारच नाही इतका वेळ तो चालला. तिची छाती भरून थांबली, तरीही आवाज थांबेना, आणि तिने ओठ सोडले नाहीत. मी चावी लावायला गेलो तर माझ्या मनगटाला तिच्या हाताची पकड बसली. कालपर्यंत याच हाताला पेला धरवत नव्हता.

मग आवाज संपला. तिच्या गालांवर रंग आला. ती कशाचाही आधार न घेता उठून बसली आणि भिंतींवरून, छताच्या कोपऱ्यांवरून सावकाश नजर फिरवली.

"किती मोठं आहे हो बाहेर," ती म्हणाली.

एका दमात म्हणाली. ताई हसत होत्या, रडत होत्या, तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. माझाही जीव भांड्यात पडला. इतके दिवस अंथरुणात पडलेलं माणूस, त्याला जग मोठं वाटणारच, असं मी स्वतःला समजावलं. आम्ही अजून त्याच खोलीत होतो आणि खिडकी बंद होती, हे माझ्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

तोवर तिने माझ्या हातातून घड्याळ घेतलं, चावी आत दाबली आणि आटे घट्ट आवळले. तिला हे मी कधी शिकवलं नव्हतं.

६

ती खडखडीत बरी झाली. जिना न थांबता चढते. डॉक्टरीणबाई आकडा बघून इतक्या खूश झाल्या की पुढचं काही विचारायचं त्यांच्या मनातच आलं नाही. ताई परत जाताना मला हात जोडून म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही वेड्यासारखं केलंत पण माझी बहीण मला परत दिलीत.

ती मला 'अहो' म्हणते. पदार्थांची चव तीच. झोपते त्याच कुशीवर. पण चालता चालता मध्येच थांबून भिंतीला तळहात लावते, मग समोरच्या भिंतीपर्यंत जाते आणि तिला लावते. थट्टा करत नाही. मी केली तर माझ्या तोंडाकडे बघत राहते आणि थोड्या वेळाने, नेमक्या जागी, हसते. आजारपणाने माणूस बदलतं, लोक असं म्हणतात. मीही बरेच दिवस म्हणून पाहिलं.

घड्याळ तिने मनगटावर बांधलं ते काढतच नाही. आंघोळीलाही नाही. पाणी आत जात नाही ना, असं मलाच विचारते.

एकदा ती भाजी निवडत होती आणि मी समोर बसलो होतो. काचेवर वाफ आली. तिचा श्वास संथ चालला होता, वाफ मात्र घाईघाईने येत होती, धाप लागलेल्या माणसाची यावी तशी. भरभर येऊन तिने जवळजवळ सगळी काच झाकली. आणि मग त्या वाफेत आतून एक पट्टा पुसला गेला, डावीकडून उजवीकडे, शेवटाला किंचित खाली वळलेला.

हिवाळ्यात आमच्या स्वयंपाकघराची काच माझी बायको अशीच पुसायची. फडकं घेत नसे, मुठीच्या कडेने पुसायची, आणि शेवटी हात असाच खाली घसरायचा. मी किती वेळा ओरडलो होतो त्यावरून, डाग राहतात म्हणून.

पुसलेल्या पट्ट्यामागे काहीतरी हललं. काळ्या तबकडीपुढे, काट्यांच्या मध्ये. मी नीट बघायच्या आत समोरचीने हात वळवून घड्याळ तळव्याखाली घेतलं आणि भाजीला लागली.

७

दुपारी ती झोपते. हात पलंगाबाहेर लोंबतो. मी फरशीवर गुडघे टेकून बसतो आणि मनगटाशी तोंड नेऊन बाहेरून काचेवर वाफ सोडतो. मग बोटाने पुसतो, डावीकडून उजवीकडे. थोडं थांबतो. आतून, मी पुसलं नेमकं त्याच जागी, डाग येतो.

एवढंच बोलणं आमचं. मी काय म्हणतो ते तिला कळतं की नाही ठाऊक नाही. मी म्हणतो, मी आहे इथे. मी म्हणतो, माझं चुकलं गं. एकदा चावीला हात लावला होता, पण झोपेतच पलंगावरचीची बोटं माझ्या बोटांवर मिटली आणि दुखेपर्यंत मिटलेली राहिली. आणि समजा सोडली असती हवा, तर ती ओढून घ्यायला बाहेर कोण होतं? माझ्या बायकोचं तोंड कुणाकडे आहे, ते मी रोज बघतोच.

सुरुवातीला डाग लगेच यायचा. आता वाट बघावी लागते. नखाएवढा होता, आता टाचणीच्या डोक्याएवढा येतो आणि पुरता धरायच्या आत विरतो. काच पुन्हा सपाट झाली आहे. बोट फिरवलं की कळतं. मला दुसरं काही करता येत नाही म्हणून मी रोज पुसतो, आणि दुपार व्हायची सकाळपासून वाट बघतो.

काल खूप वेळ काहीच आलं नाही. मी पुन्हा वाफ सोडली, पुन्हा पुसली. पुन्हा सोडली. गुडघे बधिर झाले. मग कडेला, बाराच्या ठिपक्यापाशी, दिसेल न दिसेल असं धुरकटलं, आणि माझ्या तोंडून हुंदका निघाला.

पलंगावरच्या श्वासाचा ठेका जरासुद्धा चुकला नाही. डोळे न उघडता ती अगदी समजुतीच्या आवाजात म्हणाली, "अहो, काच पुसत जाऊ नका. तिला आशा लागून राहते."